तिवाट्यावरचा दहीभात

निघालो त्या सकाळी आईनं दाराला सुतळी बांधली. कुलूप नव्हतं आमच्याकडे, आणि कुलूप लावावं असं आत काही नव्हतंही. दोन गाठी मारल्या, जरा थांबली, मग तिसरीही मारली. बा डोक्यावर बोचकं घेऊन पुढे चालायला लागला होता. माझ्या कडेवर धाकटी कमळी, चार वर्षांची, आणि हातात नागलीच्या भाकरींचं फडकं. मी स्वतः नऊ वर्षांची. पाड्याच्या वळणावर मी मान वळवायला गेले, तशी आई मागून म्हणाली, "वळून बघू नको गं. घर मागं लागंल."

मला ते खरंच वाटलं. टेकडी उतरून होईपर्यंत आपल्या मागून काहीतरी चालत येतंय असं वाटत होतं. मी मान ताठ धरून चालले. कमळी मात्र माझ्या खांद्यावरून मागे तोंड करून बसली होती आणि सारखी हसत होती. कोणाकडे बघून हसतेस, हे मी तिला विचारलं नाही.

पेठ-सुरगाण्याकडच्या माणसांना हे निघणं समजावून सांगायला नको. भात कापून झालं, दिवाळी आटोपली की आमच्याकडे लोक जगायला जातात. कामाला जातो असं कोणी म्हणत नाही, जगायला जातो असंच म्हणतात. दिंडोरी, निफाड, पिंपळगाव, जिथं जिथं द्राक्षाच्या बागा आहेत तिथं. शिमग्याला परत. तुम्ही जे अजून जाता आणि तुम्ही जे माझ्यासारखे एकदा निघालात ते शहरातच राहिलात, त्या तुमच्यासाठी हे लिहिते आहे. शहरात जन्मलेल्यांनी वाचलं तरी चालेल. फक्त मध्येच "असं कुठं असतं का" म्हणायचं नाही.

टेम्पोनं आम्हाला नाशिकच्या पुढे, आग्रा रोडवर एका तिवाट्याशी उतरवलं. तीन वाटा मिळतात तो तिवाटा. मोठ्या रस्त्यातून एक कच्ची वाट बागांकडे फुटत होती आणि तिथं एक चिंच होती. बागवाला न्यायला येणार होता. तो आला नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. भाकरी संपल्या. दुसऱ्या दिवशी दिवस कलल्यावर बा त्याला शोधायला गेला, आई घागर घेऊन पाणी बघायला गेली, आणि चिंचेखाली मी आणि कमळी उरलो. कमळी रडत नव्हती. ती मुळं चाटत बसली होती, आणि तेच मला सहन होईना.

तेवढ्यात गावाच्या बाजूनं एक बाई आली. तोंडावर पदर. तिनं तिवाट्याच्या मधोमध एक पत्रावळ ठेवली, तिच्याभोवती पाण्याची धार फिरवली आणि आल्या वाटेनं निघून गेली, एकदाही मागे न बघता. मला वाटलं, हिलाही हिच्या आईनं सांगितलं असणार. पत्रावळीवर दहीभात होता, लिंबू होतं, खोबऱ्याचा तुकडा होता. मी कमळीला भरवलं. मग मी खाल्लं. भात गार होता आणि फार चांगला लागला, हे आजही कबूल करते.

उतारा होता तो. घरातल्या कोणावरून तरी ओवाळून तिवाट्यावर आणून ठेवलेला. ज्याची पीडा आहे त्याची ती निघून जावी आणि भात ज्याला पाहिजे त्यानं न्यावा, यासाठी. मध्येच दुसऱ्या कोणी खाल्ला तर पीडा त्याला लागते. आईनं येऊन पत्रावळ पाहिली आणि घागर तिच्या हातातून सुटली. मला एक ठेवून दिली. कमळीच्या तोंडात बोटं घालून तिला ओकवायला बघितलं. काही बाहेर आलं नाही.

बागवाला तिसऱ्या दिवशी सकाळी आला, काम मिळालं, बागेच्या कडेला झोपडी मिळाली. पंधरा दिवसांत कमळी तापानं गेली. खोकायची, छाती उडायची. आज मला कळतं की तो न्यूमोनिया असणार, थंडी कडाक्याची होती आणि अंगावर एक झबलं. हे मी स्वतःला हजार वेळा सांगितलं आहे. पण नाल्याकाठी तिला ठेवून आल्यावर आई माझ्याकडे बघत बसली होती. रागानं नव्हे, नवल वाटल्यासारखी. मग म्हणाली, "तू पण खाल्लंस ना? मग तुला कसं नाय झालं?"

पुढे ती हे कधीच बोलली नाही. गरजही नव्हती, माझ्या कानात ते कायमचं राहायला आलं होतं. पुढच्या जूनला तिनं मला आश्रमशाळेत सोडलं आणि फाटकातून निघून गेली, मागे न बघता. बाकीच्या आया फाटकाशी रडत उभ्या होत्या. मी ठरवून टाकलं की हिला माझं तोंड बघायचं नाही.

त्यानंतर मी शिकले, शिकतच राहिले. नाशिकच्या एका कॉलेजात ग्रंथपाल झाले, नाशिक रोडला दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. लग्न केलं नाही, तो विषय वेगळा. आश्रमशाळेतून कॉलेजात जाताना मी माझी बोली खाली ठेवली ती पुन्हा उचलली नाही. हाय-नाय गेलं, लय गेलं. स्टाफरूममध्ये कोणी "तुमच्याकडे ते उतारे करणारे भगत-बिगत अजून असतात का हो मॅडम" असं विचारलं की मी सगळ्यांत मोठ्यानं हसायचे. जगायला हा शब्द मी तीस वर्षं तोंडातून काढला नव्हता. मॅडम झाले होते ना.

मग टाळेबंदीचा तो पहिला उन्हाळा आला. मुंबईकडून माणसं चालत निघाली, ते तुम्ही पाहिलं असेल किंवा तुम्ही त्यांच्यातलेच असाल. कसारा घाट चढून, इगतपुरी, घोटी, मग नाशिक, आणि पुढे आग्रा रोड धरून सरळ उत्तरेला. आपल्याच देशात निर्वासित. आमच्या इमारतीतल्या मालती काकू, निवृत्त शिक्षिका, एका सकाळी माझं दार वाजवून म्हणाल्या की आपण काहीतरी करायला पाहिजे, नुसतं टीव्हीसमोर बसून हळहळण्यात काय अर्थ आहे. मी हो म्हटलं. इतक्या पटकन हो म्हटलं की त्यांनाच आश्चर्य वाटलं.

तिसरे हरीशभाई. देवळाली कॅम्पात त्यांचं कापडाचं दुकान, ते बंद, आणि त्यांच्याकडे एक जुनी ओम्नी आणि पोलिसांकडून मिळवलेला परवानगीचा कागद. फाळणीत त्यांचं घर सिंधमधून आलं. त्यांची आई तेव्हा मुलगी होती, कुठल्याशा स्टेशनावर एका बाईनं खिडकीतून तिच्या हातावर रोटी ठेवली होती. "स्टेशनचं नाव आईला शेवटपर्यंत आठवलं नाही," हरीशभाई सांगायचे, "नाही तर मी तिथंच गेलो असतो ना, इथं कशाला." काकूंचं वेगळं. त्यांचा मुलगा ऑस्ट्रेलियात एकटा अडकला होता. इथं मी कोणाला जेवू घातलं तर तिथं कोणी त्याला घालेल, असा त्यांचा देवाशी सरळ सौदा होता. मला कोणी विचारलं की तुम्ही कशासाठी येता, तर मी माणुसकी वगैरे म्हणायचे. लोक खरं कारण सांगत नाहीत, आणि पुष्कळदा त्यांना ते माहीतही नसतं.

पोलिसांनी बजावलं होतं की गर्दी करायची नाही, हातात काही द्यायचं नाही. अन्न ठेवायचं, लांब उभं राहायचं. म्हणून हरीशभाईंनी आडगावच्या पुढची एक जागा शोधली, जिथं कच्चा रस्ता बागांकडे फुटतो. सावली नाही, झाड नाही, पण ओम्नी कडेला उभी करता येते आणि माणसं नक्की तिथूनच जातात. संध्याकाळी, ऊन उतरलं की चालणारे पुन्हा उठायचे. तेव्हा आपलं अन्न तयार ठेवायचं.

काकूंनी दहीभात केला, उन्हाळ्यात पोटाला थंड म्हणून. दुधात भात कालवून विरजणाचा थेंब टाकायच्या, संध्याकाळपर्यंत तो छान लागायचा, आंबायचा नाही. दुकानं बंद, डबे-पिशव्या मिळेनात. मग त्यांनी लेकीकडच्या नातवाच्या रद्द झालेल्या मुंजीचं सामान काढलं. पानांचे द्रोण. एका द्रोणात भात, वर दुसरा द्रोण पालथा, आणि रबर नव्हते म्हणून देवघरातल्या लाल नाड्यानं बांधलेले. उन्हात लिंबू चांगलं म्हणून प्रत्येक नाड्यात अर्धं लिंबू खोचलं, तोंडाला चव म्हणून दोन हिरव्या मिरच्या. चाळीस द्रोण. सगळी मायाच होती त्यात, मी तुम्हाला सांगते.

आम्ही ते तिवाट्यावर वर्तमानपत्रं घालून ओळीनं मांडले, पन्नास पावलं मागे ओम्नीशी जाऊन उभे राहिलो, आणि मी पहिल्यांदा लांबून ते पाहिलं. तिन्हीसांजेला तिवाट्यावर दहीभात, लिंबू, मिरची, लाल दोरा. ती पदर ओढलेली बाई आता मीच होते.

काकूंना यातलं काही दिसत नव्हतं. हरीशभाईंना तर नाहीच. सांगायला पाहिजे होतं, लगेच, त्याच मिनिटाला. एक वाक्य पुरलं असतं. पण ते वाक्य बोलायचं तर तीस वर्षं झाकून ठेवलेलं सगळं ओम्नीच्या बॉनेटवर मांडावं लागलं असतं. कोण मी, कुठली, मला हे कसं माहीत. ग्रंथपाल मॅडमना उताऱ्याची भीती वाटते? मी स्वतःला म्हटलं, ही भुकेली माणसं आहेत, खातील. आणि गप्प बसले.

माणसं आली. वीस-पंचवीस जण, डोक्यावर पिशव्या, पायांत कोणाच्या चपला, कोणाच्या नाहीत. द्रोणांपाशी आली आणि थांबली. मग पुढच्या माणसानं रस्ता सोडला, खाली शेताच्या कडेला उतरला, आणि सगळी रांग त्याच्यामागून त्या द्रोणांना लांबून वळसा घालून गेली. एका बाईनं कडेवरच्या मुलाच्या डोळ्यांवर हात धरला होता. पुढची टोळी आली, तीही तशीच गेली. इतकी माणसं आणि पायांशिवाय कसलाही आवाज नाही. अंधार पडेपर्यंत आम्ही पाहत राहिलो. चाळीसचे चाळीस द्रोण जागेवर होते.

काकू म्हणाल्या, लाजतात बिचारे, आपण नसताना घेतील. सकाळी आम्ही द्रोण बघायला गेलो. एकोणचाळीस होते तसे. कुत्र्यानंसुद्धा तोंड लावलं नव्हतं. एक मात्र रिकामा होता. खाऊन, पाण्यानं स्वच्छ धुऊन, पालथा घातलेला, आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यावर दगड. एक नाही, तीन बारके खडे.

बागेतल्या झोपडीत आई असंच करायला लावायची, पळसाच्या पानाचं ताट धुवायचं, पालथं घालायचं, वर दगड, म्हणजे दुसऱ्या वेळेला चालतं. हे कोणी केलं असेल? आमच्याकडचंच कोणी, जगायला आलेलं आणि बागेत अडकून पडलेलं, असं मी मनाशी जुळवलं. पण आमच्याकडचं माणूस तर या भाताला आधी घाबरेल. उताऱ्याला न घाबरणारे दोघंच असतात. ज्याच्यासाठी तो ठेवलेला असतो तो, आणि भुकेनं वेडं झालेलं लेकरू.

दुसऱ्या संध्याकाळी तेच, आणि सकाळी एक द्रोण, धुतलेला, पालथा, वर तीन खडे. तिसऱ्या दिवशीही तेच. मी त्या खड्यांना हात लावला नाही. हरीशभाईंनी एकदा पायानं उडवायला पाय उचलला, तेव्हा मी त्यांच्या अंगावर ओरडले, आणि मग का ओरडले ते सांगता येईना. रात्री झोप लागायची नाही. दार बंद असताना दाराबाहेर कोणीतरी येऊन बसलंय, अगदी लहान, असं वाटत राहायचं. मी उठून बघत नव्हते. आईनं शिकवलेलं तेवढं पाळत होते.

तिसऱ्या सकाळी काकू चिडल्या. भात रोज गाईंना घालावा लागत होता. "भूक नाही या लोकांना," त्या म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले. "माझ्या हातचं खायचं नाही कोणाला. आज शेवटचं करते, उद्यापासून बंद." मुलाचं काय होणार तिकडे, हा त्यांचा खरा धसका होता. म्हणजे पाहा, त्या रस्त्यावरून शेकडो माणसं उपाशी जात होती, त्यांच्यासमोर अन्न होतं, आणि मध्ये आडवी फक्त मी आणि माझं न उघडणारं तोंड. मला हे अगदी स्वच्छ कळत होतं. तरी ओम्नीत बसले आणि आडगाव येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले.

चौथ्या संध्याकाळी एक छोटी टोळी आली. दोन म्हातारे, तीन-चार गडी, एक तरुण बाई आणि तिचं बोट धरून एक मुलगी. चार वर्षांची असेल. टोळीनं नेहमीसारखा वळसा घेतला. मुलीनं आईचं बोट सोडलं, सरळ तिवाट्याच्या मध्यात गेली, उकिडवी बसली आणि एका द्रोणाचा नाडा ओढला. भात हाताला लागला तो तिनं चाटला.

तिची आई किंचाळत धावली. मुलीला एक ठेवून दिली आणि तिच्या तोंडात बोटं घातली.

माझी मी कधी निघाले ते मला आठवत नाही. अंतर ठेवायचं, हात लावायचा नाही, सगळं मागे राहिलं. मी त्या दोघींच्या समोर जाऊन उभी राहिले, आणि माझ्या तोंडातून जे निघालं ते ग्रंथपालाचं मराठी नव्हतं, मोडकंतोडकं हिंदी होतं. म्हटलं, बहन, टोटका नहीं है ये, खाना है, हमने बनाया है. बाईनं मुलीच्या तोंडातली बोटं काढली नाहीत. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, "तो पहले आप खाइए."

मी खाली बसले. बरोबर तिवाट्याच्या मधोमध, धुळीत. मुलीनं सोडलेला द्रोण ओढून घेतला. पन्नाशीची बाई, सात हजार पुस्तकांची राखण करणारी, आणि पहिला घास घशाखाली उतरेना. कारण मी फक्त भात खात नव्हते. त्या प्रश्नाला पुन्हा तोंड देत होते. मागच्या वेळी मला काही झालं नाही, झालं ते दुसऱ्याच कोणाला. या वेळी कोणाला?

भात गार होता आणि फार चांगला लागला.

सगळा खाल्ला. मिरचीसकट. मान वर केली तर ते सगळे अर्धगोल करून उभे होते आणि माझ्याकडे बघत होते, रागानं नव्हे, मला काय होतं ते बघत. एक म्हातारा म्हणाला, थोडा रुको. आम्ही थांबलो. सूर्य खाली गेला होता, बागांवरून वारा येत होता, मी मध्ये बसलेली आणि ते उभे. किती वेळ, मला माहीत नाही. मला काही झालं नाही. मग त्या बाईनं माझ्यासमोर बसकण मारली, एक द्रोण सोडला, स्वतः एक घास खाल्ला आणि दुसरा मुलीला भरवला. नंतर सगळे बसले. लांब दुसरी टोळी दिसत होती, त्यांना म्हाताऱ्यानं हात हलवून बोलावलं.

त्या संध्याकाळी चाळीस द्रोण पुरले नाहीत. काकू ओम्नीशी उभ्या राहून रडत होत्या. मी उठून त्यांच्याकडे गेले आणि तिथंच, बॉनेटला टेकून, दोघांना सगळं सांगितलं. उतारा म्हणजे काय, मी कोण, जगायला येणं म्हणजे काय, कमळी. वाटलं होतं की सांगताना जीव जाईल. काही गेलं नाही. काकूंनी कपाळावर हात मारून घेतला आणि म्हणाल्या, "अगं सुमन, चार दिवस! मला एका शब्दानं बोलायचंस की. मी काय खाल्लं असतं तुला?" हरीशभाईंनी तिवाट्याकडे पाहिलं आणि मला विचारलं, तो द्रोण तुम्ही ठेवलात का?

मी वळून पाहिलं. जिथं मी बसले होते तिथं माझा द्रोण होता. धुतलेला, पालथा, वर दगड. मी उठताना बाटलीतल्या पाण्यानं तो धुतला असणार, मला आठवतसुद्धा नव्हतं. हरीशभाई हळूच म्हणाले, मॅडम, म्हणजे ते तीन दिवस... तुम्हीच का? मला 'नाही' म्हणता आलं नाही. मी त्या तीन दिवसांत कुठं होते, काय केलं, हे मी त्यांना सगळं सांगू शकत होते, पण त्या क्षणी मला माझीच खात्री वाटेना.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही खिचडीचं पातेलं रस्त्याकडेला टेबलावर ठेवलं आणि पळीनं वाढलं. पोलिसांनी एकदा हटकलं, मग तेच येऊन जेवले. लिंबू नाही, नाडा नाही. सकाळी कुठं काही पालथं घातलेलं नसायचं. मी रोज बघायचे, आणि काही दिसलं नाही की मला बरं वाटायचं आणि वाईटही वाटायचं.

हे संपल्यावर आम्ही तिघंही पूर्वीचे राहिलो नाही. हरीशभाई आता कुठल्याही स्टेशनावर गाडी थांबली की खिडकीतून खाली बघतात, पिशवीत जास्तीच्या पोळ्या ठेवतात, आणि द्यायला कोणी सापडलं नाही तर उदास होतात. काकूंचा मुलगा सुखरूप आला. त्यांनी दहीभात करणं सोडून दिलं. आम्ही कोणाचं भलं केलं असं मला म्हणवत नाही. माणसं आमच्यासमोरून पुढे गेली, पोचली की नाही ते कळलं नाही. त्या मुलीचं नावसुद्धा मी विचारलं नाही.

एस.टी. सुरू झाल्यावर मी पाड्यावर गेले. आई आता वाकली आहे, डोळ्यांना कमी दिसतं, पण दाराला अजून सुतळीच. बा जाऊन वर्षं झाली. मी अंगणात बसून तिला सगळं सांगितलं. तिवाटा, द्रोण, काकू, ती बाई. आई नागली निवडत होती. मी धुतलेल्या द्रोणाशी आले, तेव्हा तिचा हात थांबला.

"दगड केवढा होता?" तिनं विचारलं.

माझ्या द्रोणावर एक मोठा होता, मी म्हटलं. पण आधी तीन दिवस सापडले त्यांच्यावर बारके खडे होते. तीन तीन.

आईनं सुपातला एक खडा वेचून बाजूला ठेवला. मग म्हणाली, "मोठा दगड कमळीला उचलायचा नाय. तीन बारके ठेवायची ती."

मला हे माहीत नव्हतं. शपथ घेऊन सांगते, मला हे आठवत नव्हतं. नऊ वर्षांची होते मी, खड्यांकडे कोण बघतं? मी हात गुडघ्यांखाली घालून बसले. आईला मात्र भीती वाटलेली दिसली नाही. तिनं बोटांवर मोजलं, तीन दिवस. "जेवली म्हणजे ती," म्हणाली. मग तिनं सूप बाजूला ठेवलं आणि माझ्या दिशेनं तोंड केलं. आश्रमशाळेच्या फाटकातून गेली त्यानंतर पहिल्यांदाच ती माझ्याकडे नीट बघत होती, आणि आता तिला नीट दिसत नव्हतं.

"तव्हा पण तूच भरवलंस तिला," आई म्हणाली. "उपाशी नाय गेली ती."

बस एवढंच. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून मोठ्यानं रडले. शेजारच्या बायका बघायला आल्या तरी रडले. नंतर आईनं भात टाकला आणि आम्ही जेवलो.

लोक विचारतात, आता तुमचं घर कुठलं. नाशिक रोडचा फ्लॅट माझ्या नावावर आहे, पाड्यावरचं झोपडं कोणाच्याच नावावर नाही. आग्रा रोडवरून जाताना मी ओम्नीची ती जागा शोधते. लहानपणचा तिवाटा तो हाच की दुसरा, मला कधीच सांगता येणार नाही, रुंदीकरणात सगळ्या चिंचा गेल्या. पण तिथून जाताना पोटात एक घास उतरल्यासारखं वाटतं, आणि घर म्हणतात ते मला तरी तेवढंच कळतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघाले, तेव्हा आई दारात उभी होती. पाड्याच्या वळणावर मी थांबले आणि वळून पाहिलं. आईनं हाक मारून अडवलं नाही. घर होतं तिथंच होतं, दार उघडं, आई, आणि अंगणात रात्रीच्या आमच्या पत्रावळी पालथ्या घातलेल्या. मी दोन मोजल्या. तिसरी दिसली तेव्हा पुन्हा मोजायला गेले नाही. मागे लागायचं तर लागू दे, म्हटलं, आणि हळू चालायला लागले, म्हणजे लहान पावलांना पोचता येईल.